सातवं गाणं

आमच्या बँडला पस्तीस वर्षं झाली. त्यातली एकतीस आम्ही एकच गाणं वाजवतो आहोत. बाकीची गाणी आहेत, नाही असं नाही, पण ती 'खिडकी उघड' येईपर्यंत वेळ काढायला.

आमचे चाहते म्हणजे एकेकाळी मानेवर केस रुळवत फिरणारी पोरं. आता मानेवरचेच तेवढे उरलेत. आमचं नाव छापलेले काळे टी-शर्ट पोटावर ताणून येतात, शेजारी बसलेल्या बायकोला ऐकवतात की खरं संगीत आमच्या वेळी होतं, आणि ते खरं संगीत सुरू झालं की फोन काढून बसतात. 'खिडकी उघड' लागलं की मात्र फोन उंच धरून रडतात. रडतानासुद्धा चित्रीकरण चालू असतं.

आणि माझा थोरला भाऊ त्यांचाच राजा. दादा गातो, गिटार वाजवतो, बासष्टाव्या वर्षी चामड्याची पँट घालतो आणि ती चढवताना दाराला कडी लावतो. कार्यक्रमात कोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजवायची ती यादी तोच करतो. जाड मार्करने चार प्रती लिहितो आणि प्रत्येकाच्या पायाशी चिकटपट्टीने चिकटवतो. मी ड्रम वाजवतो, म्हणजे मी मागे बसतो. पस्तीस वर्षं मी त्या चामड्याच्या पँटची मागची बाजू बघत आलोय.

नव्या गाण्याबद्दल त्याचा नियम ठरलेला. एका कार्यक्रमात एकच, तेही चौथं, दोन गाजलेल्या गाण्यांच्या मध्ये. कडू गोळी केळ्यात घालून मुलाला द्यावी तसं. मूल केळं खातं आणि गोळी थुंकतं. हॉलचा कॅन्टीनवाला कार्यक्रमाआधी न चुकता आत येऊन विचारतो, "नवीन कितवं?" दादा सांगतो, "चौथं." तिसरं संपत आलं की तो चाळीस कप कॉफी भरून ठेवतो. त्याचा हिशेब कधी चुकलेला नाही. चांगली चांगली गाणी आम्ही त्या कॉफीत बुडवली.

पस्तीस वर्षांत मी एक गाणं केलं. 'जिना'. आमची आई शेवटी शेवटी तीन मजले चढायची ते गाणं. आठ पायऱ्या, मग थांबायचं, कठड्याला धरून श्वास घ्यायचा, खालच्या शेजारणीला उगाच काहीतरी विचारायचं, म्हणजे दम लागलाय हे कळू नये. ठेका तसाच बांधला होता. आठ ठोके आणि मग शांतता, अगदी कोरी. दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर बोटांनी बडवत होतो. माझ्या लेकीला भिंतीपलीकडून ते पाठ झालं होतं. आमचे कार्यक्रम बघणं तिने केव्हाच बंद केलं होतं. म्हणायची, "बाबा, तुम्ही बँड नाही, घासलेली सीडी आहात." तीच म्हणाली, 'जिना' वाजणार असेल तर येईन.

मी दादाला म्हटलं, "'जिना' वाजवायचं. आणि चौथं नाही, सातवं."

सातवी जागा 'खिडकी'ची. एकतीस वर्षं तिथे दुसरं काही बसलेलं नव्हतं.

"आणि 'खिडकी'?" दादाने विचारलं.

"शेवटी. बसू देत की वाट बघत. घरी जाऊन तरी काय करणार आहेत?"

"लोक चिडतील रे."

"मग चिडू देत. तू काय त्यांचा वेटर आहेस?"

तो बराच वेळ गिटारचा पट्टा चाचपत बसला. मग म्हणाला, "बरं. एकदाच. लोक बाहेर गेले तर परत नाव काढायचं नाही." सरावाच्या खोलीत तीन वेळा वाजवलं. तिन्ही वेळा त्याचे शब्द चुकले. मी मनात म्हटलं, मुद्दाम करतोय. आईचं गाणं आहे आणि याला चार ओळी लक्षात राहत नाहीत.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. हॉल भरला होता. लेक चौथ्या रांगेत बसली होती, हाताची घडी घालून. माझ्या पायाशी यादी होती आणि सातच्या आकड्यापुढे दादाच्या अक्षरात 'जिना'. ते बघून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

सहा गाणी झाली. आता सहाव्यानंतर आमच्याकडे काय होतं ते सांगितलं पाहिजे. दादा पाणी पितो. माइकवर म्हणतो, "मागच्यांना ऐकू येतंय का?" लोक ओरडतात. मंचावर निळा दिवा येतो. मग तो म्हणतो, "चला, खिडकी उघडू या," आणि मी एकटा चार आवर्तनं वाजवतो, तो प्रसिद्ध धडधडाट, ज्यावर पोरं टेबलं बडवत मोठी झाली. एकतीस वर्षांत यात काडीचा बदल नाही.

त्या संध्याकाळी दादा पाणी प्यायला. म्हणाला, "मागच्यांना ऐकू येतंय का?" लोक ओरडले. दिवेवाल्याला कुणी बदल सांगितलाच नव्हता, त्यामुळे निळा दिवा आला. दादा पुढे काही बोलायला माइककडे वाकला.

आणि माझे हात सुरू झाले.

'जिना'चे आठ ठोके नव्हेत. 'खिडकी'चा धडधडाट. मला कळलं तेव्हा पहिलं आवर्तन संपलं होतं. ड्रमवाल्याला थांबणं अवघड नसतं. स्टिका वर करायच्या, हसायचं, लोकही हसतात आणि पुन्हा सुरू करायचं. तेवढा वेळ होता माझ्याकडे.

पण सगळा हॉल उभा राहिला होता. दादाने अजून गायला तोंडही उघडलं नव्हतं. ते ओरडणं माझ्या एकट्यासाठी होतं. त्या टकल्या, टी-शर्ट ताणलेल्या, मूर्ख लोकांचं ओरडणं. मला ते आवडलं. इतकं आवडलं की दुसरं आवर्तन मी पहिल्यापेक्षा जोरात वाजवलं.

दादा गर्रकन वळला. रागावलेला नव्हता, नुसता गोंधळला होता. 'जिना'साठी गिटारची जाड तार खालच्या सुराला उतरवावी लागते. ती त्याने उतरवून ठेवली होती. माझी उरलेली दोन आवर्तनं तो ती तार घाईघाईने वर चढवत होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा 'खिडकी'ची सुरुवात बेसूर झाली. हजार चाहत्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

'खिडकी' आधीच वाजल्यामुळे शेवटच्या गाण्याची जागा आता रिकामी होती. दादा मागे आला आणि माझ्या कानाशी वाकला. "आता घेऊ या 'जिना'. मी सांगतो लोकांना."

खाली लोक पाय आपटत होते. "खिडकी! खिडकी!" आत्ताच ऐकलेलं त्यांना पुन्हा हवं होतं. मला आठ ठोक्यांनंतरची ती शांतता आठवली आणि त्या शांततेत खुर्च्यांचे आवाज ऐकू आले. मी मान हलवली. "नको. 'खिडकी'च घे."

"अरे, आईचं आहे."

"घे म्हटलं ना."

आम्ही 'खिडकी उघड' दुसऱ्यांदा वाजवलं. लोक दुसऱ्यांदा रडले.

नंतर मंचावर आवराआवर चालू असताना लेक पायऱ्या चढून वर आली. "बाबा, तुझं गाणं कधी होतं? मी मध्ये पाणी प्यायलासुद्धा उठले नाही."

दादा दोन पावलांवर वायरी गुंडाळत होता. त्याने माइकच्या पायथ्याशी चिकटवलेला एक मोठा कागद सोडवून हातात घेतला होता. चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या अक्षरांत 'जिना'चे सगळे शब्द होते. दर आठ ठोक्यांनी लाल रेघ होती आणि प्रत्येक रेघेशी लिहिलं होतं, 'इथे आई थांबते'.

मी तो कागद पाहिला. आणि लेकीला म्हटलं, "तुझ्या काकाने यादीतून काढलं. ऐनवेळी. त्याच्यापुढे कुणाचं चालतं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी घालून ती गिटारच्या पेटीत ठेवली.

"हो गं," तो म्हणाला. "मीच म्हटलं, राहू दे. लोकांना 'खिडकी'च हवी असते."

"काका, लाज नाही वाटत?" लेक म्हणाली. पस्तीस वर्षं मी त्याच्याकडे जसा बघत आलो, अगदी तशी ती त्याच्याकडे बघत होती.

त्याने पेटीचं झाकण लावलं. मी खाली वाकून ड्रमचे स्क्रू सोडवत राहिलो.