दाढी उतरवल्यावर

जळगावात मोतीलाल कापडवाल्याच्या माडीवर भागाबाई पोचली, तेव्हा तिला नवरा ओळखूच आला नाही. कोपऱ्यात एक दाढीवाला माणूस बसला होता. उन्हाने करपलेला, डोळे खोल गेलेले. ती दारातच थबकली. त्याने "भागा" म्हणून हाक मारली, तेव्हा कुठे आवाज ऐकून तिला धीर आला.

अभिमन हा शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला शाळामास्तर. बेचाळीसच्या भादव्यात तारा तोडल्याच्या आरोपावरून त्याच्या नावाचं वॉरंट निघालं आणि तो शाळेतून परस्परच पसार झाला. तेव्हा भागाबाईला दिवस भरत आले होते. पुढे तो सावद्याकडच्या केळीच्या बागांत पाणी धरणारा गडी होऊन राहिला, नाव बदललं, दाढी वाढवली. आता चैत्र लागला होता. बागांतून झडत्या सुरू झाल्या, दाढीवाल्या गड्याची चौकशी होऊ लागली, म्हणून मोतीलालने त्याला इथे आणून लपवलं होतं. धुळ्याला पोचला की पुढे गुजरातेत नेणारी माणसं तयार होती. पण एकट्या माणसाला पोलीस हटकत. जोडीला बाईमाणूस असलं की सहसा कुणी विचारत नसे. म्हणून भागाबाईला बोलावणं गेलं होतं.

"पोर कोठे शे?" त्याने पहिलं हेच विचारलं.

मुलगी झाल्याचा निरोप त्याला दिवाळीनंतर मिळाला होता. त्यापुढचा निरोप कुणी पाठवलाच नव्हता. मार्गशीर्षातल्या थंडीत पोरीची छाती भरली आणि ती गेली. निघताना सासूने, भिकुबाईने, सुनेचा हात धरून बजावलं होतं, "त्याले आते काही सांगू नको. तो पयत पयत घर यी, आन् दारमाच धराई जाई."

"घर शे. आईजवळ," भागाबाई म्हणाली आणि गाठोडं सोडायला खाली वाकली.

मोतीलाल गरम पाणी, साबण आणि वस्तरा घेऊन आला. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. रोज सकाळी दाढी करून, गालांना तुरटी फिरवून, वर पावडर लावल्याशिवाय तो दुकानाची पायरी उतरत नसे. न्हाव्याला बोलावायची सोय नव्हती. कुणाची वाढलेली दाढी उतरवली का, हे पोलीस सगळ्या न्हाव्यांना विचारत फिरत होते. अभिमनने स्वतःच वस्तरा हातात घेतला. एवढी वाढलेली दाढी काढता काढता दोनदा कापलं. भागाबाई आरसा धरून बसली होती.

तोंड धुऊन त्याने मान वर केली आणि मोतीलालच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं.

कपाळ, नाक, गालांची वरची बाजू काळी ठिक्कर. आणि दाढीखाली इतके महिने झाकलेला जबडा पांढराफटक. कानापासून कानापर्यंत रेघ मारावी तसे दोन रंग.

"भुसावळला एकाला असाच धरला म्हणे," मोतीलाल म्हणाला. "पोलीस जमादाराने नुसता जबडा पाहिला."

गाडीला फार वेळ नव्हता. मोतीलाल खाली गेला आणि आपला विलायती पावडरीचा डबा घेऊन आला. त्याने अभिमनच्या कपाळापासून गळ्यापर्यंत पावडर लावली, फडक्याने पुसली, पुन्हा लावली. काळं कातडं राखाडी झालं, रेघ बुजली. पिठाच्या गिरणीतून आलेल्या माणसासारखं तोंड दिसू लागलं. वर मोतीलालने त्याला आपला कोट चढवला, काळी टोपी दिली, खिशातून रुमालाचं टोक बाहेर काढलं.

"कापडाचा दलाल. शौकीन माणूस. लोक हसतील, हसू द्या. पण घाम पुसायचा नाही, टिपायचा. हलकेच. रेघ उघडी पडली की संपलं."

पाचोऱ्यापर्यंत सगळं ठीक झालं. डब्यात गर्दी होती, खिडकीतून झळा येत होत्या, आणि भागाबाईची नजर सारखी नवऱ्याच्या कानाखाली जात होती. त्याच्या कपाळावर बारीक बारीक थेंब धरत होते. तो रुमाल टेकवायचा आणि रुमालावर पांढरं उमटायचं. समोरच्या बाकावरच्या दोन बाया एकमेकींना कोपर मारून हसत होत्या. भागाबाईला त्यांचं हसणं बरं वाटत होतं. हसणारं माणूस नीट पाहत नाही.

पाचोऱ्याला एक जमादार चढला. बाया आवरून सरकल्या आणि तो बरोबर अभिमनच्या समोर बसला. त्याने टोपी काढून वारा घेतला, डब्यातल्या एकेका पुरुषाकडे सावकाश पाहिलं. अभिमनवर त्याची नजर थांबली.

"काय शेट, लग्नाला का?"

"नाही. धुळ्याला. कामानिमित्त."

"धंदा?"

"कापडाची दलाली."

"हात तर कुदळ धरणाऱ्याचे दिसतात."

अभिमनने हात मांडीखाली घेतले नाहीत. घेतले असते तर वाईट झालं असतं. पण त्याच्या कानशिलावरून एक ओघळ निघाला आणि गालावरून खाली उतरू लागला. भागाबाईला तो दिसला. जमादार पुढे झुकला.

"दाढी आजच केली वाटतं? कापलंय बरंच."

आपण काय करतोय हे कळायच्या आत भागाबाईने तोंड उघडलं.

"त्यासले काय इचारतस जमादारभाऊ, माले इचारा! सकायपासून आरसासमोर बठेल शेत. कापनार नही तं काय? तोंडले पावडर, डोकाले तेल! बायको मागे जित्ती शे का मरी गयी, इचारपूस नही!"

डबा खदखदून हसला. जमादाराच्या मिशीतही हसू आलं. त्याने अभिमनवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. तिला हेच हवं होतं.

"बाई, लोकांदेखत नवऱ्याला असं बोलू नये," तो म्हणाला.

"का नही बोलू? घरमा खुरपं मी धरू, पानी मी भरू, बुढीले मी सांभाळू! आन् ह्या गावोगाव फिरतस. धंदा म्हने! असा कोनता धंदा शे, ज्याले घर दिसत नही?"

समोरची बाई म्हणाली, "खरं शे वं माय." लोक आणखी हसले. अभिमन खाली मान घालून, ठरल्यासारखा ओशाळा होऊन बसला होता. इथेच थांबायला हवं होतं. भागाबाईला ते कळत होतं. पण जे शब्द नाटक म्हणून निघाले होते, ते आता तिच्या हातात राहिले नव्हते. शाळेतून घरी न येता तो गेला, त्या संध्याकाळी तिने दोन ताटं वाढून ठेवली होती. पोलिसांनी कणगी उपसली, तेव्हा ती पोटावर हात ठेवून भिंतीला उभी होती. कळा सुरू झाल्या तेव्हा गावातल्या बाया वॉरंटाच्या भीतीने घरात पाऊल टाकायला कचरत होत्या.

अभिमनने पायाने तिचा पाय दाबला. तिने पाय ओढून घेतला.

"पोर व्हयनी तवय तुम्ही घर नही. पोर आजारी पडनी तवय घर नही. रातभर मांडीवर लिसन बठनू मी. छाती घरघर करे तिनी. आन् ती मरनी..." तिचा आवाज फाटला. "ती मरनी तवयबी तुम्ही घर नही!"

हसू थांबलं.

अभिमनने मान वर केली. तो तिच्याकडे पाहत राहिला, काही ऐकू न आल्यासारखा. मग त्याचे ओठ हलले, "पोर?" एवढंच. उत्तर तिच्या तोंडावर होतं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दोन्ही गालांवरून ओघळ निघाले आणि राखाडी थर फाटत गेला. वर काळं कातडं उघडं पडलं, खाली पांढरं. त्याला भान नव्हतं. रुमाल हातातच राहिला. भागाबाईने पाहिलं, ती रेघ कानाजवळ स्पष्ट दिसू लागली होती, आणि जमादार समोरच, हातभर अंतरावर बसला होता.

तिने दोन्ही हातांनी नवऱ्याचं डोकं धरलं आणि आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. वरून पदर टाकला. भरल्या डब्यात, परक्या पुरुषांसमोर. लग्न झाल्यापासून चारचौघांत ती त्याच्या शेजारी नीट बसलीही नव्हती.

समोरच्या बायांनी तोंडं फिरवली. एका म्हाताऱ्याने खाकरून खिडकीबाहेर पाहिलं. जमादाराने टोपी डोक्यावर घातली, मग पुन्हा काढली. तो उठला आणि दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. पदराखाली अभिमन हुंदके देत होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत जमादाराच्या पाठीकडे पाहत होती. आता वळेल, आता वळेल. कजगाव येईपर्यंत तिने श्वास मोकळा सोडला नाही.

कजगावला गाडी थांबली. उतरताना जमादार क्षणभर थबकला. तिची बोटं पदरावर आवळली.

"शेट," तो खालीच पाहत म्हणाला, "आता काही दिवस घरी राहा. धंदा कुठं पळून जात नाही." आणि उतरून गेला.

चाळीसगावला त्यांनी गाडी बदलली, तेव्हा अभिमनचं तोंड रुमालाने पुरतं झाकलेलं होतं, आणि दातदुखीचा माणूस समजून कुणी पाहिलंही नाही. दुपार कलताना ती दोघं धुळ्याला पांझरेच्या काठी पोचली. नदीत पाण्याची बारीक धार होती. तो ओंजळी भरभरून तोंडावर मारत राहिला. मग ओलं तोंड तसंच ठेवून दगडावर बसला.

"माले का नही सांगं?"

"आईनी सांगेल होतं. तुम्ही घर येशात, धराई जाशात."

 मग तो म्हणाला, "कोनासारखी दिसे ती?"

भागाबाईने सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिने नुसती मान हलवली.

दिवेलागणीला निंबा नावाचा माणूस त्याला न्यायला आला. गाडी पेट्रोल भरून उभी आहे, लगेच निघायचं आहे, म्हणाला. अभिमनने त्याला सांगितलं, "मी येत नाही. मी घरी चाललो."

"मास्तर, गावात तुमच्यावर नजर आहे. पोचताच धरतील."

"धरू द्या."

निंबाने भागाबाईकडे पाहिलं, ही तरी समजावेल म्हणून. ती म्हणाली, "त्यासनं त्यासले ठरवू द्या. मी आते त्यासले काही लपाडनार नही, आन् काय करानं तेबी सांगनार नही."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने ती दोघं गावी पोचली. दोन रंगांचं ते तोंड घेऊन अभिमन भर रस्त्याने चालत गेला. लोक दारात उभे राहून पाहत होते, कुणी हाक मारली नाही. भिकुबाईने मुलाला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पाणीही न पिता तो नदीकाठी बोरीच्या झाडाखाली गेला, जिथे गावातली तान्ही पोरं पुरत आणि पोरीलाही पुरलं होतं. तिथे तो बसून राहिला. संध्याकाळी शिंदखेड्याहून पोलीस आले ते तिथेच. त्याने स्वतःच उठून हात पुढे केले.

त्याला सव्वा वर्षाची सजा झाली. भेटीची परवानगी मिळे तेव्हा भागाबाई धुळ्याच्या जेलात जाई. गजाच्या पलीकडे तो आणि अलीकडे ती, मध्ये शिपाई. पहिल्या भेटीची वेळ संपत आली, शिपायाने काठी आपटली, तेव्हा ती कपाळाला बोट लावून घाईघाईने म्हणाली, "कपाय तुमनं होतं तिनं. रुंद. आन् हासे तवय एक गालले खळी पडे."

"कोनता गालले?"

"डावा," ती म्हणाली.