आवाज बंद करून

सटवाजींनी सुनेच्या हातातून मोबाइल घेतला आणि आवाज पार बंद केला. पडद्यावरची बाई नुसतीच ओठ हलवत राहिली.

"मामा, बोलपट हाय ना तो? न ऐकता कसं ठरवताव?" मांडीवरच्या लेकराला थोपटत सृष्टीनं विचारलं.

"प्रोजेक्टरच्या केबिनीत मशीनची घरघर असायची. हदगावच्या टॉकीजात तीस वर्षं मी त्या खिडकीतून नुसती तोंडंच पाहिली. आवाज लई लोकांना फसवतो, पोरी. तोंड न्हाई फसवत."

नांदेडच्या सिनेमा मंडळानं जुन्या ऑपरेटरांकडून नावं मागवली होती. बोलपटाच्या पहिल्या दहा वर्षांतले सर्वांत कसदार तीन नट. ती रिळं सटवाजींच्या तरुणपणी पुन्हा पुन्हा लागायची. सकाळपासून सृष्टी जुने तुकडे शोधून देत होती आणि ते एकेकाला बाद करत होते. हा रडताना कॅमेऱ्याकडं बघतो. हिच्या भुवया आधी मरतात, बाई मागून. दुपारपर्यंत वहीत दोनच नावं चढली.

बघता बघता तिलाही ती नजर यायला लागली होती, आणि आपलंही तोंड मामा असंच वाचतील, याची तिला धास्ती होती. काल लातूरला डॉक्टरांनी सटवाजींना बाहेर बसवून तिला सांगितलं होतं, पोटातली गाठ पसरलीय, फार तर चार महिने. नवरा पुण्याहून फोनवर एवढंच म्हणाला, मी येईपर्यंत बाबांना कळू देऊ नको.

सटवाजींनी मोबाइल खाली ठेवला.

"काल डॉक्टर काय म्हणले, परत सांग बरं."

तिनं लेकराचं टोपडं सारखं केलं. ते सारखंच होतं.

"सूज हाय म्हणले. गोळ्यांनी उतरल."

"हिकडं बघून सांग."

तिनं वर पाहिलं आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. आवाज नीट निघाला. हनुवटी मात्र तिच्या ताब्यात राहिली नाही.

सटवाजी बराच वेळ बघत राहिले. मग हसले, अगदी डोळ्यांपर्यंत.

"मग झालं तर. मला उगंच भेव वाटून राहिलं होतं. रातच्याला वरण जरा तिखट कर."

सकाळपासून शिकली होती तसं सृष्टीनं तो चेहरा निरखला. भुवया, ओठ, पापण्या. कुठं काहीच सापडलं नाही.

"पुढचा लाव," म्हणत त्यांनी मोबाइल तिच्याकडं सरकवला.