बरोबर आलेला अंदाज

लेक संख्याशास्त्र शिकत होती तेव्हा ते नेमकं काय असतं हे घरात कुणालाच धड कळलं नव्हतं. तिचा मामा म्हणायचा, "म्हणजे लॉटरीचा आकडा सांगशील ना गं?" शेजारीण विचारायची, "ही जनगणनेला दारोदार फिरणार का?" लेक चिडायची. विमा, बँका, औषधांच्या चाचण्या, हवामान, सगळीकडे आमचीच माणसं लागतात, म्हणायची. पण पदवी मिळून वर्ष उलटलं तरी ती कुणाला लागली नाही. शेवटी सूनबाईनेच आपल्या कंपनीत शब्द टाकला. ती तिथे तक्रार विभागात, आता विभागप्रमुखच व्हायची होती. "आमच्या आकडेबाईंना एकदा बघा तरी," म्हणून साहेबांच्या मागेच लागली.

लेक चिकटली. येत्या वर्षात कोण लांब रजेवर जाईल, याचा अंदाज बांधायचं काम तिला मिळालं. हजेरी, पाळ्यांची अदलाबदल, दवाखान्यासाठी घेतलेला अर्धा दिवस, असलं सगळं संगणकात घालायचं. माणसांची नावं नाहीत, नुसते क्रमांक.

मध्यंतरी सूनबाईला दिवस गेले. "बढतीचं पत्र हातात पडेपर्यंत बाहेर बोलू नका हं, आई," ती लेकीसमोरच म्हणाली. मी देवापुढेही ते मनातल्या मनातच बोलले.

एका संध्याकाळी लेक अगदी फुलून घरी आली. जेवायला बसलो तरी तिचं चालूच. "साहेब म्हणाले, तुझ्या अंदाजावर विश्वास कसा ठेवू? मी म्हटलं, यादीत वरून दुसरा क्रमांक बघा. हा शंभर टक्के बरोबर आहे, मला पक्कं ठाऊक आहे. मानलं त्यांनी!"

"कुणाचा क्रमांक?" सूनबाईने विचारलं.

लेकीचा घास हातातच राहिला. दवाखान्याच्या तारखांवरून तो वहिनीचा क्रमांक हे तिने ओळखलं होतं, पण त्यातून आपण घरातलं गुपित फोडलं हे तोवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगेन. पडताळा जमला, एवढ्याच आनंदात होती पोर.

"वहिनी, मी नाव नाही घेतलं..."

"क्रमांकाला माणूस चिकटलेला नसतो, असं शिकवतात वाटतं तुमच्या विद्यापीठात?"

"मी उद्या सांगते साहेबांना, अंदाज चुकला म्हणून."

"सांग. थोड्या दिवसांत पोट दिसेल, तेव्हा तेच तुझी पाठ थोपटतील."

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याच कुणाला मिळाली. तो माणूस काम सूनबाईकडूनच शिकला होता. त्याच दिवशी लेकीला कायम केलं.

लेकीला ते सोसवेना. सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती, लेक तिच्यामागे उभी राहून म्हणाली, "वहिनी, एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही गं. त्याला घ्यायचं त्यांचं आधीच ठरलं असेल."

"असेल की. काढ बरं शक्यता, किती येते?"

सूनबाईचा आवाज जराही चढला नव्हता.  लेक डोळे बारीक करून भिंतीकडे बघत राहिली. परीक्षेच्या दिवसांत दिसायचा तोच चेहरा. ती खरोखरच हिशोब मांडत होती.

सूनबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग आपले आणि माझ्या मुलाचे कपडे वेगळे काढले, आणि लेकीचे तसेच, घडी न घालता, खुर्चीवर ठेवून आत गेली.