टाळी कुणाची?

अहो, जरा मान वर करा! पाचव्या रांगेच्या डोक्यावर तारेला लोंबकळतोय ना, तो माईक मी. माझं काम ऐकायचं, बोलायचं नव्हे. पण आज बोलणार म्हणजे बोलणारच.

जन्म बुडापेस्टच्या कारखान्यातला. तिसा नदीकाठच्या या नाट्यगृहात मला टांगलं एमेशेनं. ती भौतिकशास्त्राची संशोधक. आमच्या हंगेरीत नाटक रंगलं की नुसता कडकडाट होऊन भागत नाही. थोड्या वेळानं सगळे हात एकाच ठेक्यात पडायला लागतात. तिला म्हणायचं लोखंडी टाळी. ती नाही आली तर नटाचा जीव अर्धा होतो. हा ठेका धरतं कोण, हेच एमेशेला शोधायचं होतं.

"कोण म्हणजे? मी!" दारावरचे गेदेओनकाका छाती काढून सांगायचे. "इतकी वर्षं मीच सुरू करतोय."

"काका, हलत्या फळीवर ठेवलेले लंबकसुद्धा आपले आपण एका तालात येतात. त्यांना कोण सांगतं?"

"लंबकांना बायको नसते, पोरी!"

काकांची बायको माल्विन ही इथली मुख्य नटी. नवऱ्याच्या या बढाईनं तिचं मन मात्र पोखरलं होतं. "तू ठेका देतोस म्हणून लोक वाजवतात," ती म्हणायची. "माझ्यासाठी कधी कुणी वाजवलंय का, देव जाणे." मला असा राग यायचा! मी रोज ऐकत होतो ना!

तिचा शेवटचा प्रयोग आला. एमेशेनं विनवलं, "आज तेवढे हात आवरा काका. तिला कळू दे." काका कसले ऐकतात! उलट दारात प्रेक्षकांचे कोट ठेवून घेताना त्यांनी प्रत्येकाला बजावलं, "आज हात तुटेस्तोवर वाजवा. भरभर!"

पडदा पडला. लोक टाळ्यांवर तुटून पडले, पण ठेका काही येईना. येणार कसा? भरभर वाजवणाऱ्याला शेजाऱ्याची टाळी ऐकूच जात नाही. काका तर वेड्यासारखे बडवत सुटले. माल्विन खालमानेनं वाकली आणि आत निघून गेली. काकांचे हात गळाले. "मीच घात केला गं तुझा," म्हणत ते दाराजवळच्या भिंतीला टेकले.

लोकही दमले होते. हात संथ झाले, तसा शेजाऱ्याचा आवाज कानात शिरला. उजवीकडे चार हात जुळले, मग अख्खी रांग, मग वरचा सज्जा. ठप्प! ठप्प! ठप्प! माझी तार थरथरायला लागली.

माल्विन धावत बाहेर आली आणि तिनं आधी दाराकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हात उंच धरले, एकमेकांपासून लांब.

"मी नाही गं!" ते ओरडले. "यांचंच आहे हे, यांचं!"

भर रंगमंचावर ती लहान पोरीसारखी रडली.

आता माझी जाळी गंजलीय, खरखर येते, म्हणून मला उतरवायचं म्हणतात. मी नाही हलत! आपल्यासाठी खरंच कुणी वाजवतं का, या धास्तीत अजून कितीतरी जण त्या रंगमंचावर उभे राहायचेत. तुम्ही या, बसा. फक्त टाळी जरा हळू वाजवा बाबांनो, शेजाऱ्याची ऐकू येईल एवढी.