जागच्या जागी एक उडी

“पुन्हा चेंडू दिलात त्यांना! अरे, नाताळला तीन महिने आहेत, आत्ताच कसल्या भेटी वाटताय?” कुंपणापलीकडून सॉसेज विकणारी डोलोरेस ओरडली. तिच्या तव्यावरच्या सॉसेजचा धूर थेट बाकापर्यंत येत होता.

अमेरिकन फुटबॉलचा तो लांबट चेंडू तिसऱ्यांदा पाहुण्या संघाने मधेच पळवला होता. तिन्ही वेळा उजव्या बाजूने.

लेलंड हॅचर बाकाच्या टोकाला घडीच्या खुर्चीवर बसला होता. एक पाय गुडघ्यापर्यंत काळ्या प्लास्टिकच्या बुटात, कुबड्या गवतात. त्याच्या जागी खेळणारा मार्विन पेटिट हेल्मेट काढून मैदानाबाहेर आला आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसला.

“मी पोचलो होतो,” तो म्हणाला. “चेंडूच आला नव्हता.”

“चेंडूची बस चुकली असेल,” गस म्हणाला. गस छपरं घालायचा आणि स्वतः छपराएवढाच रुंद होता. “लेलंड असता तर वेळेवर आली असती.”

उजव्या टोकाच्या रिसीव्हरची, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याची, जागा अकरा वर्षं लेलंडची होती. सरळ बारा यार्ड पळायचं, झटकन बाहेरच्या रेषेकडे वळायचं, आणि वळताना हात वर करायचे. डेनी वोयचिकने फेकलेला चेंडू हातात असायचा. दोघांनी एकमेकांना कधी हाक मारली नव्हती की खूण केली नव्हती. गावातले लोक म्हणायचे, या दोघांचं घड्याळ एकच आहे.

दोन आठवड्यांपूर्वी असाच वळताना टाचेमागे खाडकन आवाज झाला. कोणी लाथ मारली म्हणून लेलंडने मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. टाचेची कंडरा तुटली होती. डॉक्टर म्हणाले, चालशील, जिने चढशील, नगरपालिकेच्या पाणीखात्यातली नोकरीही करशील. खेळाबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. छत्तिसाव्या वर्षी लेलंडनेही विचारलं नाही.

संघाने मात्र हे दुःख मनापासून साजरं केलं होतं. प्रत्येकाच्या हेल्मेटवर पांढऱ्या चिकटपट्टीने चौऱ्याऐंशी हा त्याचा आकडा होता. त्याचा शर्ट बाकाच्या पाठीला टांगलेला असायचा, आणि सामन्याआधी सगळे त्याला हात लावून जायचे. आपलंच बारावं चालू असल्यासारखं लेलंडला वाटे.

तो सामना लेलंडचा संघ, फेरीमेन, हरला. आता पुढचा शनिवार उरला. जिंकलं तर बाद फेरी, हरलं तर हंगाम संपला.

*

गुरुवारच्या सरावाला कोच बर्तोली सलून लवकर बंद करून आले. त्यांच्या सदऱ्यावर कोणाचे तरी केस होते.

“उजवीकडे फेकणं बंद,” ते म्हणाले. “चेंडू घेऊन मधून घुसायचं. डोकं खाली, गुडघे वर.”

“कोच, मधून घुसणार हे शनिवारी त्यांच्या आजीलाही कळेल,” डेनी म्हणाला.

“मग काय करू? नवीन पाय बसवू का याला?” बर्तोलींनी लेलंडकडे बोट दाखवलं. “बरं, शेवटचा प्रयत्न. लेलंड, तू बघ. या पोराचं कुठे चुकतंय ते सांग.”

मार्विन वृद्धाश्रमात परिचारक होता. सत्तर किलोच्या म्हाताऱ्यांना तो अलगद उचलून पलंगावर ठेवायचा, आणि त्याच्या हातांत काही दोष असेल असं लेलंडला कधी वाटलं नव्हतं. पण वाटणं वेगळं. त्याने बघायचं ठरवलं.

बाहेरच्या रेषेजवळ गवत ओलं होतं, तिथे कुबड्या रुतत होत्या. म्हणून तो मैदानाच्या मधोमध, डेनीच्या पाठीमागच्या कडक जमिनीवर जाऊन उभा राहिला. अकरा वर्षांत तो इथे कधीच उभा राहिला नव्हता. रिसीव्हरला डेनी दिसतो तो वळल्यावर, आणि तोवर चेंडू हवेत असतो.

डेनीने चेंडू घेतला, पावलं मागे टाकली, शेवटच्या पावलावर जागच्या जागी एक हलकी उडी घेतली आणि फेकला. मार्विन रेषेजवळ केव्हाच वळून उभा होता. बचावाच्या खेळाडूला मध्ये शिरायला भरपूर वेळ मिळाला.

“पुन्हा,” लेलंड म्हणाला.

पुन्हा तेच. पावलं, उडी, चेंडू.

“आता डावीकडे फेक.”

“डावीकडे कशाला? तिकडे काही बिघडलेलं नाही.”

“फेक रे.”

डावीकडे फेकताना उडी नव्हती. पावलं संपली आणि चेंडू सुटला. लेलंडने आणखी दोनदा डावीकडे फेकायला लावलं, मग उजवीकडे. उजवीकडे दर वेळी उडी, डावीकडे एकदाही नाही. डेनी थकला असेल, हा पहिला विचार त्याला सोडून द्यावा लागला. दमलेला माणूस फक्त एकाच बाजूला दमत नाही.

तो कुबड्या टेकत बर्तोलींकडे गेला.

“कोच, डेनी उजवीकडे थांबतो.”

बर्तोली सदऱ्यावरचा एक केस काढू लागले. बराच वेळ तो निघेना.

“कधीपासून?” लेलंडने विचारलं.

“दोन हंगाम झाले असतील.” त्यांनी वर पाहिलं. “मला वाटलं, तुला माहीत आहे. पण आता तू नाहीस तर कशाला थांबेल तो?”

*

गुरुवारी सरावानंतर सगळे चर्चच्या सभागृहात पिरोगी खायला जमत. बटाटा आणि चीज भरलेली ती अर्धचंद्राकार करंजी गस लोण्यात बुडवून सबंध तोंडात टाकत होता.

“हे बघ मार्विन,” तो भरल्या तोंडाने म्हणाला, “तुला घाई फार. लेलंडसारखं डोकं वापरून पळ. बायकोशी लग्न करताना पण असाच आधी जाऊन उभा राहिला होतास का?”

“हो, आणि ती वेळेवर आली होती,” मार्विन म्हणाला. पण त्याच्या ताटातले पिरोगी तसेच होते.

लेलंडला उठायला वेळ लागला. कुबडीने एक खुर्ची पाडली, म्हणून आपोआपच सगळे त्याच्याकडे बघू लागले.

“मार्विन बरोबर पळतोय,” तो म्हणाला. “बारा यार्डांना जेवढा वेळ लागायला हवा, तेवढाच त्याला लागतो. मला जास्त लागायचा.”

“काहीतरीच काय,” गस म्हणाला.

“डेनी, तू उजवीकडे फेकताना एक उडी घेतोस.”

“मी? कसली उडी?”

“छोटी. माझी वाट बघायला.”

डेनी हसला, मग हसायचा थांबला. पावाची गाडी चालवून चालवून त्याचा डावा हात उन्हाने रापला होता. तो हात त्याने टेबलावरून खाली घेतला.

“मला माहीत नाही, लेलंड. शपथ. तू वळायचास तेव्हा फेकत होतो, बस.”

“मग मी वळायला उशीर करत होतो.”

“एवढासाच.”

“म्हणजे माहीत होतं?”

“हातांना माहीत असेल,” डेनी म्हणाला. “मला विचारलं नाही त्यांनी.”

लेलंडच्या मनात आलं, आत्ता गप्प बसलो तर शनिवारी हरू, आणि गाव म्हणेल की लेलंडशिवाय जमलं नाही. ते ऐकायला आपल्याला फार वाईट वाटणार नाही.

“ती उडी काढून टाक,” तो म्हणाला. “आणि त्या हेल्मेटवरच्या पट्ट्याही काढा. मी जिवंत आहे.”

“शर्ट?” गसने विचारलं.

“शर्ट धुवायला द्या. तुम्ही सगळे त्याला पिरोगीचे हात पुसता.”

*

शनिवारी दोन वेळा डेनीच्या पायांनी ती उडी घेतली. चेंडू मार्विनच्या हाती लागणार नाही हे दिसताच दोन्ही वेळा त्याने तो रेषेबाहेर फेकून दिला. लेलंड कुबड्यांवर उभा राहून ओरडला, “मी इथे आहे रे, तिथे नाही!” डेनीने न वळता हात वर केला.

सामना संपत आला तेव्हा फेरीमेन चार गुणांनी मागे होते. टचडाउनची, म्हणजे सहा गुणांची, रेषा वीस यार्डांवर होती. बर्तोलींनी सलूनमध्ये पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावतात तसा उजवीकडे हात केला.

“मधून घुसायचं नाही?” गसने ओरडून विचारलं.

“तू फक्त उभा राहा. तेवढं पुरे आहे.”

डेनीने चेंडू घेतला. पावलं मागे गेली. मार्विन अजून सरळच पळत होता, त्याची पाठ डेनीकडे होती. डेनीचे पाय जमिनीला चिकटले आणि चेंडू सुटला, जिथे कोणीच नव्हतं अशा जागेकडे.

कुबड्या गवतात पडल्या. लेलंडचे दोन्ही हात छातीसमोर आले, अंगठे जुळलेले, बोटं पसरलेली, अकरा वर्षं यायचे तसेच.

ते हात वर आले तोवर चेंडू मार्विनच्या हातात पडलाही होता. बोटांमधल्या त्या खिडकीतून लेलंडला मार्विन कोपऱ्याकडे पळताना दिसला. मागे कोणी पोचत नव्हतं.

बाकावरचे सगळे मैदानात धावले. कुंपणाशी डोलोरेस झारा हवेत फिरवत होती. ती थांबली.

“पोरा, पडशील! कुबड्या देऊ का आत येऊन?”

“नको,” लेलंड म्हणाला. “जरा उभा राहतो.”

आणि एका पायावर तोल सांभाळत तो टाळ्या वाजवू लागला.