बोटीच्या पोटातली खिडकी

शेजारी शेजारी जोडलेल्या दोन पोटांची ती नवीकोरी शिडाची बोट उद्या सकाळच्या भरतीला पाण्यात उतरायची होती, आणि अर्मेल अजून तिच्यात पातेलीच लावत होती. ला रोशेल गावातली बेकरी आणि वरचं बिऱ्हाड विकून झालं होतं. नवऱ्यानं, गिल्दासनं, उभी हयात पहाटे उठून कणीक मळली आणि मळता मळता एकच तुणतुणं वाजवलं, की एक दिवस बोटीवर राहायला जायचं. आता तो दिवस आला होता. अर्मेलला समुद्राची भीती वाटायची. तिनं ते कधी लपवलं नव्हतं, पण ऐकून घ्यायला गिल्दासला सवड कुठली?

बोट ती बांधणाऱ्या कारखान्याच्या शेडमध्ये जाड ठोकळ्यांवर उभी होती. अर्मेलनं बहिणीनं दिलेल्या मांसाच्या बरण्या फडताळात लावायला घेतल्या.

"ही बदकाची, ही सशाची..."

"श्श." वरून गिल्दासचं डोकं आत आलं. "लांब कानवाल्याची म्हण. बोटीवर त्याचं नाव काढायचं नसतं."

"का, काढलं तर?"

"बोट उलटते."

तो हसत होता खरा, पण खाली उतरून त्यानं ती बरणी उचलली आणि स्वतःच्या हातानं नेऊन गाडीत ठेवली. ताडमाड माणूस, दारातून जाताना खांदा तिरका करावा लागायचा, आणि घाबरला कोणाला, तर सशाला. अर्मेल मनातल्या मनात हसली. गेल्या कित्येक दिवसांतलं ते पहिलंच हसू होतं.

मग ती डाव्या पोटातल्या झोपायच्या खोलीत चादरी ठेवायला उतरली. जिन्याच्या तळाशी भिंतीत एक जाड काचेची चौकोनी खिडकी होती, तिला लाल दांडा आणि शेजारी सूचनेचं स्टिकर. स्टिकर उलटं लावलेलं होतं. एवढ्या महागाच्या बोटीत असला हलगर्जीपणा पाहून अर्मेलचं डोकं फिरलं. तिनं सोलेनला हाक मारली. सोलेन म्हणजे कारखान्यातर्फे बोट ताब्यात देणारी मुलगी.

"बघ जरा, तुमच्या माणसांनी काय दिवे लावलेत ते. उलटं चिकटवलंय."

सोलेननं वाकून पाहिलं. "सरळच आहे, मॅडम."

"अगं, मला काय वाचता येत नाही?"

"आत्ता उलटं दिसतंय. वाचायची वेळ येईल ना, तेव्हा सरळ दिसेल."

अर्मेल त्या स्टिकरकडे बघत राहिली. अर्थ डोक्यात शिरला तशी ती जिन्यावरच बसली. सोलेननं समजुतीच्या सुरात सांगितलं, की अशी बोट सहसा उलटत नाही, पण उलटली तर परत सरळ होत नाही. बुडतही नाही, पोट वर करून तरंगत राहते. आत अडकलेल्यांनी या खिडकीतून बाहेर पडायचं आणि बोटीच्या पोटावर बसून मदतीची वाट बघायची.

"बुडत नाही, ऐकलंस ना?" गिल्दास वरून म्हणाला. "तेवढंच लक्षात ठेव."

"आपली बेकरी कधी उलटी झाली नव्हती, गिल्दास."

"बेकरी कधी कुठे गेलीच नव्हती."

"सशाचं नाव काढलेलं तुला चालत नाही, आणि हे भिंतीवर लिहिलेलं चालतं?"

 अर्मेल उठली आणि म्हणाली, की आपण दोघं या खिडकीतून बाहेर पडून पाहिल्याशिवाय मी उद्या बोटीत पाऊल ठेवणार नाही. सोलेननं बरेच आढेवेढे घेतले, मग बाहेर खिडकीखाली जमिनीवर पुठ्ठे पसरले आणि दांडा फिरवून खिडकी उघडली.

अर्मेलनं डोकं आणि हात बाहेर काढले आणि कमरेपाशी अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर. एकदम तिला वाटलं, मागून पाणी चढतंय.  तिनं जीव खाऊन पाय झाडले आणि पुठ्ठ्यावर आपटली. कोपर सोलवटलं होतं, पण जीव भांड्यात पडला.

"जमलं," ती धापा टाकत म्हणाली. "आता तू ये."

"मला भूक लागलीय," गिल्दास आतून म्हणाला.

"आधी बाहेर ये, मग खा."

"पाठ धरलीय माझी. नंतर बघू."

"बायको पडली बाहेर, आणि तुला पाठ आठवली होय?"

 अर्मेलनं सोलेनकडे पाहिलं तर ती पोरगी जमिनीकडे बघत होती.  अर्मेल बोटीला लावलेली शिडी चढून आत गेली. गिल्दास जिन्यावर बसला होता, हात गुडघ्यांत घालून.

"मी मावत नाही त्यातून," तो म्हणाला.

"बघितलंयस का प्रयत्न करून?"

"करार करायच्या आधीच बघितलं. खांद्यापाशी अडकलो. सोलेननं आणि दोघा सुतारांनी पाय धरून मागे ओढलं."

"मग खाणं कमी कर."

"पोट नाही गं, खांदे आहेत. हाडं कशी कमी करू? दुसऱ्या बोटीही पाहिल्या. कुठेच मावलो नाही. मग म्हटलं, निदान तू गेली पाहिजेस. तुझ्या निळ्या कोटात उशा कोंबून आणल्या होत्या. तो गेला बाहेर."

अर्मेलला रडावं की त्याला बडवावं कळेना. इतके दिवस ती स्वतःसाठी घाबरत होती. आता तिला दिसलं, की पावसात, लाटांत ती उलट्या बोटीच्या पोटावर बसलीय आणि खालून कोणीतरी ठोकतंय. 

"याचं काय होणार मग?" तिनं उघड्या खिडकीतून बाहेर सोलेनला विचारलं.

"आत हवा राहते, मॅडम. मदत येते, वरून कापून काढतात."

"कुठे कापायचं ते त्यांना कसं कळणार?"

"काहीजण बोटीच्या तळाला खूण रंगवून घेतात."

"रंग आण."

गिल्दासनं तिचा हात धरला.  "अर्मेल, तू नाही म्हण. आपण बोट विकू. मी कधी कुरकुर करणार नाही, शप्पथ."

तो करणारच नाही, हे तिला ठाऊक होतं. तोंडातून अवाक्षर न काढता तो भाड्याच्या खोलीत म्हातारा होईल आणि समुद्राकडे पाठ करून बसेल. त्याचीही तिला भीतीच वाटली.

"तू वर जा," ती म्हणाली. "दोन पोटांच्या मधल्या खोलीत जमिनीवर आडवा हो आणि ठोक."

ती लाल रंगाचा डबा घेऊन बोटीखाली दोन पोटांच्या मधल्या जागेत शिरली. डोक्यावर बोटीचा पांढरा तळ होता. आतून ठोकल्याचा आवाज आला. सोलेननं आवाजाच्या जागेभोवती पट्टी लावून चौकोन काढला, आणि अर्मेल हात उंचावून मोठी अक्षरं लिहायला लागली. रंगाचे थेंब चष्म्यावर पडत होते. तीन शब्द लिहायला तिला खूप वेळ लागला.

गिल्दास खाली आला, मान वर करून त्यानं वाचलं. 'आत दोघं आहेत.'

"दोघं?" तो म्हणाला. "तू तर मावतेस खिडकीतून."

"मावते," अर्मेल म्हणाली. "पण तिथे वर एकटीनं बसायची मला जास्त भीती वाटते."