बावीस पाठमोरे फोटो

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, आणि मला रंगवणारा पेंटर मागच्या महिन्यात वारला. तसं काही झालेलंच नाही असं धरून सुरुवात करतो, नाहीतर मला पुढचं सांगता येणार नाही.

मांजरपाटाचे दोन तुकडे जोडून माझा जन्म झाला. मला खळ लावली, ताणलं, वाळवलं आणि फोटोग्राफरच्या स्टुडिओत मागच्या भिंतीला टांगलं. इतर स्टुडिओंत माझ्या भाईबंदांवर राजवाडे आणि तळी असतात. माझ्यावर समोरचीच गल्ली आहे. फोटोग्राफरची ती हौस. तो रोज सकाळी गल्लीत फेरी मारून यायचा आणि पेंटरला सांगायचा, की शिंप्याने दाराला निळा रंग दिला, न्हाव्याची खुर्ची एका बाजूला कलली. पेंटर लगेच स्टुलावर चढून माझ्यावरची खुर्ची कलती करायचा. मग न्हावी खरी खुर्ची दुरुस्त करायचा आणि आमचं काम वाढायचं.

गिऱ्हाइकं विचारायची, खरी गल्ली दाराबाहेर फुकट पडलीय, मग ही कशाला? "बाहेरची हलते," फोटोग्राफर म्हणायचा. लोकांना ते कसं पटायचं, देव जाणे. पण शिंपी लेकीला घेऊन आपल्या रंगवलेल्या दुकानासमोर उभा राहिला, तेव्हा म्हणाला, की दुकान इतकं स्वच्छ त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या वाट्याला आलेलं हे सर्वांत मोठं कौतुक.

माणसं मात्र मी पाठीवरूनच ओळखतो. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. मला तोंड दाखवलं ते एकट्या पेंटरने. एक हात अंतरावर, दातांत ब्रश, नाकावर पिवळा ठिपका. चूक झाली की तो माफीही माझीच मागायचा.

फोटोग्राफर मागून सारखा म्हणायचा, "अरे, एकदा वळ की इकडे."

"थांब रे, रंग ओला आहे. नंतर काढ."

रंग वाळेपर्यंत गल्लीत काहीतरी बदललेलंच असायचं. असं अकरा वर्षं चाललं.

आता, मित्रांनो, ती न झालेली गोष्ट येते. पेंटरची बायको फ्रेमसाठी फोटो मागायला आली. घरी फक्त लग्नातला होता आणि त्यात तोंडासमोर कुणाचा तरी हात. फोटोग्राफरने दोन दिवस सगळे खोके उपसले.

"भावजी, एक तरी असेल. अख्ख्या गल्लीचे काढलेत तुम्ही."

"बावीस आहेत, वहिनी. सगळे पाठमोरे."

वहिनींनी एकेक पाहिला. एकावर बोट ठेवलं. "ह्यातली कॉलर मी उलटवून शिवलीय. हाच द्या."

मला गुंडाळताना फोटोग्राफर शिंप्याला सांगत होता, की वहिनींना भेटायला येणारे लोक फ्रेम उलटी लागलीय समजून ती फिरवून बघतात. मागे पुठ्ठा आहे.

आता मी माळ्यावर असतो. फोटोग्राफर पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढतो. गल्लीत काय बदललं, ते मला कुणी सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात जो कायम कामात पाठमोरा असतो, त्याला हाताला धरून वळवा. काम बिघडलं तर बिघडू द्या.

सबब, संबंधितांस नम्र विनंती, की अर्जदार पडद्याने सदर पेंटरचा चेहरा सलग अकरा वर्षे समोरून पाहिलेला असल्याने, त्याची एक प्रत अर्जदाराकडून काढून घेऊन वहिनींकडे पोच करावी. आकार कोणताही चालेल.